ब्रेक पॅड आणि शू बदलणे (जुनी व्हॅन)

जुन्या व्हॅनला बहुतेक वेळा पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतो, म्हणून एकाच गाडीत पॅडही बदलायचे असतात आणि शूही. पॅड फिरत्या डिस्कला दोन्ही बाजूंनी आवळतात, शू ड्रमच्या आतून बाहेर फाकतात.

ड्रम ब्रेक आधी कोणी आणला यावर एकमत नाही. श्रेय सहसा फ्रेंच मोटार उत्पादक लुई रेनॉ यांना देतात, कारण 1902चं पेटंट त्यांचं, पण जर्मन इंजिनिअर विल्हेल्म मायबाख यांनी साधारण 1900-01 च्या सुमारास मर्सिडीजच्या मागच्या चाकांना ड्रम बसवले होते, त्यामुळे प्रत्यक्ष वापराचा मान मायबाख यांना देणं जास्त पटतं. डिस्कचं पेटंट इंग्लंडच्या फ्रेडरिक लँचेस्टर यांचं, तेही 1902चंच, पण त्यात तांब्याचं अस्तर होतं आणि ते भयंकर किंचाळायचं. ॲस्बेस्टॉसचे लायनर (पॅड-शूवरचं घासणारं अस्तर) इंग्लंडच्या हर्बर्ट फ्रूड यांच्या नावाशी जोडले जातात, काळ 1908च्या आसपासचा. डिस्क गाजली ती मात्र 1953च्या ल मांस शर्यतीत जॅग्वारमुळे.

हे ॲस्बेस्टॉस जुन्या गाडीत आजही महत्त्वाचं आहे. आधीचे लायनर कधीचे हे माहीत नसेल तर ड्रममधली काळी धूळ हवेने उडवायची नाही, ती फुफ्फुसात जाते. ओल्या फडक्याने किंवा ब्रेक क्लीनरने पुसून काढायची.

पॅडचं काम सोपं. गाडी नुसत्या जॅकवर न ठेवता स्टँडवर घ्यायची, कॅलिपर (पॅड आवळणारा भाग) सोडवून तारेने टांगायचा, ब्रेक ऑइलच्या रबरी होजवर लोंबकळू द्यायचा नाही. पिस्टन मागे दाबताना टाकीतलं ब्रेक ऑइल वर चढतं आणि सांडलं तर रंग खातं, म्हणून आधीच थोडं काढून घ्यावं.

खरी मेहनत मागे आहे. झिजलेल्या ड्रमच्या तोंडाशी कड तयार होते आणि शू तिच्यामागे अडकून बसतात, मग लोक हातोडा घेतात, त्याऐवजी हँडब्रेकची केबल आणि ॲडजस्टर (शू आणि ड्रममधलं अंतर ठरवणारा स्क्रू) ढिले करावेत, ड्रम सहसा सुटतो. दुसरी बाजू न उघडता ठेवावी, स्प्रिंगा कुठे अडकवायच्या ते तिच्यावरून बघता येतं. पुढे जाताना फिरता ड्रम ज्या शूला स्वतःकडे ओढून घेतो तो जास्त काम करतो. ड्युओ-सर्व्हो रचनेत (एक शू दुसऱ्याला ढकलतो ती) आखूड लायनरचा शू गाडीच्या पुढच्या बाजूला आणि लांब लायनरचा मागच्या बाजूला लागतो, उलटे बसले की ब्रेक कमजोर लागतो किंवा एकीकडे ओढतो. ॲडजस्टरच्या स्टारव्हीलचे (दातेरी चाकाचे) आटे डाव्या-उजव्या बाजूला उलट असतात, त्यांची अदलाबदल झाली तर सेल्फ ॲडजस्टर अंतर कमी करण्याऐवजी वाढवतो. व्हील सिलिंडरचं (शू बाहेर ढकलतो तो) रबर उचलून बघावं, आत ओलावा दिसला तर तोही बदलावा, नाहीतर नवीन लायनर तेलकट होतात आणि सगळं काम फुकट जातं. ड्रमवर कमाल व्यास कोरलेला असतो, तो ओलांडला असेल तर नवीन शू लावूनही भागत नाही.

एका ॲक्सलच्या दोन्ही चाकांचे पॅड किंवा शू एकदमच बदलतात. गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत पंप करावं, नाहीतर पहिल्याच ब्रेकला पेडल खाली जातं. काही व्हॅनला मागच्या ॲक्सलजवळ लोडनुसार दाब बदलणारा व्हॉल्व्ह असतो, तो गंजून अडकला असेल तर मागचे नवीन शू चांगले असूनही ब्रेक नीट लागत नाही.