तेल लागलेला ब्रेक जास्त का पकडतो?

‘लायनरला तेल लागलं की ब्रेक कमी लागतो, जास्त नाही.’ माझ्या जुन्या गाडीचा ड्रम (चाकासोबत फिरणारी ब्रेकची वाटी) काढून, आतला ओलसर लायनर (त्या वाटीवर घासून चाक थांबवणारं अस्तर) दाखवत एका मेकॅनिकनं मला हे ऐकवलं. गाडीचं मागचं डावं चाक पेडलला पाय टेकवताच जाम व्हायचं, मागे रस्त्यावर काळी रेघ उमटायची. तेलाला त्यानं निर्दोष सोडलं आणि पेडलच्या जोराचा ब्रेक ऑइलमध्ये दाब करणारा मास्टर सिलिंडर बदलायला सांगितला. ऐकायला बरोबर वाटतं. तेल म्हणजे निसरडं, एवढं शाळेत शिकलेलं असतं. पण ड्रम ब्रेक हे शाळेतल्या घर्षणाच्या धड्यापेक्षा बरंच खोडकर यंत्र आहे.

खडूचा एक तुकडा घ्या. फळ्यावर तिरका धरून, टोक मागे फरफटत येईल असा ओढा. सरळ रेघ उमटते. आता तोच खडू टोक पुढे करून ढकला. खडू कर्कश ओरडतो, टणाटण उड्या मारतो आणि रेघेऐवजी ठिपके पडतात. हात तोच, फळा तोच. फरक इतकाच की ढकलताना घर्षण खडूला उभा करायला बघतं. त्यामुळे टोक फळ्यात आणखी रुततं, रुतल्यामुळे घर्षण वाढतं, आणि वाढलेलं घर्षण त्याला आणखी रुतवतं. ओढताना हेच घर्षण खडूला आडवा करतं आणि दाब कमी होतो.

ड्रमच्या आत असे दोन खडू असतात: लायनर चिकटवलेले दोन कमानदार शू. साध्या रचनेत वर शूंना बाहेर ढकलणारा व्हील सिलिंडर, खाली दोन्ही शूंचा टेकू. गाडी पुढे जात असताना ड्रमची पुढची बाजू वरून खाली फिरते. पुढचा शू तिच्यासोबत खाली ओढला जातो, पण टेकू ड्रमच्या कडेपेक्षा आत असल्यामुळे तो नुसता खाली न जाता टेकूभोवती बाहेरच्या बाजूला वळतो, म्हणजे ड्रममध्ये घुसतो. हा ढकललेला खडू. मागचा शू उलट सैल पडतो. तो ओढलेला खडू. गाडी रिव्हर्समध्ये घेतली की दोघांच्या भूमिका बदलतात.

आता थोडं गणित. घाबरू नका, भागाकारापुढे जात नाही. सिलिंडरचा जोर टेकूपासून २ एकक दूर लागतो, ड्रमचा उलटा दाब १ एककावर, आणि घर्षणाची रेषा टेकूपासून १ एकक बाजूने जाते, असं धरू. टेकूभोवतीचे बलांचे परिणाम जुळवले की पुढच्या शूचं घर्षणबल सिलिंडरच्या जोराच्या २ × म्यू ÷ (१ − म्यू) पट येतं. म्यू म्हणजे घर्षणांक. मागच्या शूसाठी छेदात वजाऐवजी अधिक. म्यू ०.३ असताना पुढचा शू ०.८६ पट देतो. ०.४ झाला की १.३३. ०.६ झाला तर ३. घर्षणांक दुप्पट झाला, या शूचं घर्षण साडेतीनपट! डिस्क ब्रेकमध्ये दुपटीला दुप्पट, संपलं. ड्रमची सगळी गंमत आणि सगळा धोका त्या छेदात आहे. म्यू वाढत १ पर्यंत पोचला तर छेद शून्य होतो आणि शू स्वतःलाच आवळत सुटतो, पेडलवर जोर किती हा प्रश्नच उरत नाही. खऱ्या ब्रेकची मापं वेगळी असतात, म्हणून ही सीमाही वेगळ्या आकड्यावर येते, पण स्वभाव हाच.

म्हणून तेल. भरपूर तेलानं ब्रेक निसरतो हे खरंच आहे. पण ऑइल सीलमधून किंवा व्हील सिलिंडरमधून झिरपलेलं थोडंसं तेल गरम लायनरवर भाजून चिकट होतं, ठिकठिकाणी म्यू वाढतो आणि छेद आकसतो. रात्रभर दमट हवेत उभ्या गाडीच्या ड्रमवर धरणारा गंजाचा पातळ थरही असाच पकडतो, पण तो दोनचार ब्रेकमध्ये घासून जातो. दिवसभर पकडणारं चाक वेगळं. मागचं चाक लवकर जाम होण्याला आणखी एक कारण आहे: ब्रेक मारला की गाडीचा भार पुढे सरकतो, मागचं चाक हलकं होतं आणि थोड्या जोरातही घसरतं. गाडी गर्रकन फिरते ती यामुळेच. जाम चाकाचं खापर गाडीच्या नंबरातल्या आकड्यांच्या बेरजेवर फोडणारेही मला भेटलेत. आकडेच बघायचे तर छेदातले बघा.

निदान करताना पहिला प्रश्न एकच: चाक पकडतं की सुटतच नाही? पुढच्या चाकांना अडण लावून, मागची बाजू जॅकनं उचलून स्टँडवर ठेवा, हँडब्रेक सोडा आणि चाक हातानं फिरवा. पेडल न दाबताही जड फिरत असेल तर व्हील सिलिंडरचा ब्लीडिंग निपल (आतली हवा काढायचा छोटा स्क्रू) सैल करा. ब्रेक ऑइलची पिचकारी उडून चाक मोकळं झालं, तर दाब आत अडकला होता. रबरी होज आतून फुगून परतीची वाट बंद करतो, किंवा मास्टर सिलिंडरचं बारीक छिद्र बुजतं. निपल उघडूनही चाक तसंच राहिलं तर गंजलेली हँडब्रेक केबल, मेलेली स्प्रिंग, नाहीतर अडकलेला पिस्टन.

माझं चाक हातानं भिंगरीसारखं फिरत होतं. पेडलवर पाय आला की मात्र पकडायचं, तेही पुढे जाताना, रिव्हर्समध्ये शांत. म्हणजे दोष पुढच्या शूत. मास्टर सिलिंडरला हातही लावावा लागला नाही. व्हील सिलिंडरचं रबरी बूट उचललं तर आतून ब्रेक ऑइल ओघळलं, आणि त्याचा माग थेट पुढच्या लायनरच्या वरच्या टोकापर्यंत गेला होता.

लायनर पेट्रोलनं धुऊन किंवा भाजून वाचवायचा सल्ला अनेक जण देतात, ‘फवारा मारा, ब्रेक नवा’ म्हणणाऱ्या बाटल्याही मिळतात. पण लायनर सच्छिद्र असतो. वरचं तेल जातं, आत मुरलेलं पुढच्या उतारावर गरम होऊन पुन्हा बाहेर येतं. असा शू टाकूनच द्यायचा. ड्रममधली धूळ हवेच्या दाबानं उडवू नका, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्यानं पुसा.

नवा व्हील सिलिंडर बसवला. उजवीकडचे शू कोरडे आणि निम्म्याहून जाड होते, तरी तेही बदलले. डावीकडे नवा लायनर ०.४ चा आणि उजवीकडे झिजलेला ०.३ चा राहिला असता, तर आपल्या हिशोबात दोन्ही शू मिळून डाव्या चाकावर सिलिंडरच्या जोराच्या १.९ पट घर्षण आलं असतं आणि उजव्यावर १.३ पट.