कार्बन नॅनोनलिका

ग्रॅफाइटच्या एका थराची गुंडाळी होऊन बनलेली, नॅनोमीटरमध्ये (मीटरचा अब्जांश) मोजण्याइतक्या बारीक व्यासाची पोकळ नळी. एकाच भिंतीची असेल तर ती एकभित्ती आणि एकात एक बसलेल्या अनेक नळ्यांची असेल तर बहुभित्ती. बहुभित्ती नलिकेतील लगतच्या भिंतींमध्ये सुमारे ०·३४ नॅनोमीटर अंतर असते.

शोध : शोधाचे श्रेय सामान्यतः जपानी शास्त्रज्ञ सुमिओ इजिमा यांना (१९९१) दिले जाते. तथापि १९५२ मध्येच रादुश्केविच व लुक्यानोविच या सोव्हिएत संशोधकांनी सुमारे ५० नॅनोमीटर व्यासाच्या पोकळ कार्बन तंतूंची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातील छायाचित्रे प्रसिद्ध केली होती. लेख रशियन भाषेत असल्याने तो पाश्चात्त्य संशोधकांपर्यंत फारसा पोहोचला नाही. ओबेर्लिन, एंडो व कोयामा यांच्या १९७६ च्या निबंधातही पोकळ तंतू आहेत. त्यांपैकी एक एकभित्ती असावा, असे काही जण मानतात. मोंतिऊ व कुझ्नेत्सोव्ह यांनी २००६ मध्ये हा वाद पुन्हा तपासला. नलिका प्रथम दिसल्या त्या १९५२ मध्ये आणि त्यांची अणुरचना उलगडून जगाचे लक्ष वेधले ते इजिमांनी, असे श्रेय विभागणे अधिक ग्राह्य वाटते. एकभित्ती नलिकांच्या निश्चित निर्मितीबाबत मात्र वाद नाही : इजिमा–इचिहाशी आणि बेथ्यून गट यांनी त्या १९९३ मध्ये स्वतंत्रपणे मिळवल्या. दमास्कस तलवारीच्या पोलादात नलिका आढळल्याचे जर्मन संशोधकांनी २००६ मध्ये नोंदवले. हे पोलाद वूट्झ या भारतीय पोलादापासून घडवत. पण त्यावरून जुन्या लोहारांना नलिका ठाऊक होत्या, असे ठरत नाही.

गुणधर्म : थराची गुंडाळी कोणत्या दिशेने झाली हे दोन पूर्णांकांनी दर्शवतात. त्यांच्यातील फरकाला ३ ने नि:शेष भाग गेला तर नळी सामान्यतः धातूप्रमाणे वीज वाहते, एरवी ती अर्धवाहक ठरते. यंग गुणांक (ताठरपणाचे माप) सुमारे १,००० गिगापास्कल. २००० मध्ये रुऑफ गटाने एकेक बहुभित्ती नळी ओढून पाहिली, तेव्हा ताणबल (तुटण्यापूर्वी सोसलेला कमाल ताण) ११ ते ६३ गिगापास्कल भरले. आधी सर्वांत बाहेरची भिंत तुटते आणि आतल्या नळ्या म्यानातून तलवार निघावी तशा सरकत बाहेर येतात.

कापरापासून निर्मिती : आयआयटी मुंबईत महेश्वर शेरॉन यांच्या गटाने १९९४ मध्ये कापरापासून फुलरीन (कार्बन अणूंचे पोकळ, गोलासारखे रेणू) मिळवले, पुढे नलिकाही. नंतर अंबरनाथ (जि. ठाणे) येथे कल्याण–बदलापूर रस्त्यावरील महाविद्यालयीन संशोधन केंद्रात महेश्वर व माधुरी शेरॉन यांनी वनस्पतिजन्य कच्च्या मालावर हे काम चालवले. आयात रसायनांवर न विसंबता वाण्याकडे मिळणाऱ्या पदार्थापासून नलिका वाढवण्याची ही दिशा मोलाची आहे. कृती अशी : क्वार्ट्झच्या नळीत एका टोकाला कापूर ठेवून हलकी उष्णता देतात. त्याची वाफ आर्गॉनसारख्या निष्क्रिय वायूबरोबर दुसऱ्या, कितीतरी अधिक तापलेल्या भट्टीत जाते आणि तेथे लोह, कोबाल्ट वा निकेलच्या सूक्ष्म उत्प्रेरक कणांवर नलिका वाढतात. कापराच्या रेणूत कार्बनचे १० अणू व ऑक्सिजनचा एक असतो. हा ऑक्सिजन नलिकांबरोबर साचणारा अस्फटिकी (सुसूत्र रचना नसलेला) कार्बन जाळून टाकतो, त्यामुळे माल स्वच्छ निघतो, असे मुकुल कुमार व अंदो या संशोधकांचे स्पष्टीकरण आहे. आरतीच्या कापराची काजळी मात्र वेगळी. उत्प्रेरकाविना, उघड्या हवेत ती मुख्यतः गोलसर कणांची बनते.

उपयोग : लिथियम विद्युत्घटांचे विद्युत् अग्र (इलेक्ट्रोड), संवाहक प्लास्टिक, संमिश्रे (कंपोझिट).

धोका : आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१४ मध्ये बहुभित्ती नलिकांचा 'मित्सुई-७' हा एकच प्रकार संभाव्य कर्करोगकारक गटात घातला, इतर प्रकारांबाबत पुरावा अपुरा ठरवला.