टॉमी जॉन शस्त्रक्रिया

बेसबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्या खेळाडूच्या, म्हणजे पिचरच्या, कोपरात आतल्या बाजूला असलेला अस्थिबंध, म्हणजे हाडाला हाडाशी बांधणारा पट्टा, तुटला की त्याच्या जागी रुग्णाच्याच शरीरातली कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, बसवतात. या शस्त्रक्रियेला टॉमी जॉन या पहिल्या रुग्णाचे नाव पडले. ती योजून करणारे डॉ. फ्रँक जोब यांचे नाव मात्र बेसबॉलबाहेर फारसे कोणाला ठाऊक नाही.

क्रिकेटवर वाढलेल्या वाचकाला ही दुखापत चटकन उमगत नाही, कारण आपला गोलंदाज धावत येतो आणि हात जवळपास ताठ ठेवून फिरवतो. कोपर १५ अंशांपेक्षा जास्त सरळ झाले की चेंडू फेकी ठरतो. बेसबॉलमध्ये सारा जोर त्या झटक्यातच असतो. पिचरला गोलंदाजासारखे धावत येता येत नाही. उंचवट्यावर उभा राहून तो १८.४४ मीटरवरच्या फलंदाजाकडे चेंडू फेकतो, वेग बरेचदा ताशी १५० किलोमीटरच्या वर. खांदा पुढे निघतो, मनगटाकडचा हात मागे राहतो आणि कोपराची आतली बाजू उघडू पाहते. तिला धरून ठेवणारा हा लहानसा अस्थिबंध. दर चेंडूला ताणला जाऊन तो आधी विरतो आणि मग एके दिवशी तुटतो.

जॉन हा लॉस एंजेलिस डॉजर्सचा डावखुरा पिचर. १७ जुलै १९७४ रोजी माँट्रियल एक्स्पोजविरुद्ध त्याचे कोपर निकामी झाले. तेव्हा तो ३१ वर्षांचा होता आणि त्या मोसमात त्याच्या खात्यावर १३ विजय आणि फक्त ३ पराभव होते (बेसबॉलमध्ये सामन्याचा विजय-पराभव पिचरच्या नावावरही मांडतात). त्या काळी अशा पिचरचा ‘हात गेला’ म्हणत आणि तो घरी बसे. पुन्हा खेळण्याची शक्यता शंभरात एक, असे जोब यांनी त्याला स्पष्ट सांगितले होते. २५ सप्टेंबरला त्यांनी जॉनच्या उजव्या मनगटातली कंडरा काढली, डाव्या कोपराच्या हाडांना भोके पाडली आणि त्यांतून ती इंग्रजी आठच्या आकड्यासारखी ओवली. (ही कंडरा स्वतःच्या हातावर पाहता येते : अंगठा आणि करंगळी जुळवून मनगट किंचित आत वळवले की मधोमध दोरीसारखी वर येते. काहींना ती जन्मतःच नसते. मग मांडीच्या मागची कंडरा घेतात.) पुढे करंगळीकडे जाणारी नस बिघडून बोटे आखडली, पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली आणि १९७५ चा पूर्ण मोसम गेला. १९७६ मध्ये तो परतला, १९७७ मध्ये त्याने २० सामने जिंकले आणि १९८९ मध्ये, ४६ व्या वर्षी तो थांबला. एकूण २८८ विजयांपैकी १६४ शस्त्रक्रियेनंतरचे आहेत. इतके करूनही बेसबॉलमधल्या थोर खेळाडूंचा मान असलेल्या कूपर्सटाउनच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये त्याला स्थान मिळालेले नाही. प्रस्तुत लेखकाला हा उघड अन्याय वाटतो.

आज मेजर लीग या अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेतल्या साधारण दर तीन पिचरांपैकी एकाच्या कोपरावर ही शस्त्रक्रिया झालेली असते. परतायला वर्ष-दीड वर्ष लागते. यशाच्या कथा इतक्या पसरल्या की शस्त्रक्रियेने चेंडूचा वेग वाढतो असा गैरसमज रुजला आणि धडधाकट मुलांचे पालकही डॉक्टरांकडे तिची मागणी करू लागले. खरे तर वाढलेली ताकद ही त्या लांबलचक व्यायामाची कमाई असते. किशोरवयीन मुलांच्या दुखापती वाढल्यावर मेजर लीगने २०१४ मध्ये वयानुसार चेंडूंची मर्यादा सुचवली : नऊ-दहा वर्षांच्या मुलाने दिवसाला ७५, अकरा-बारा वर्षांच्याने ८५.

सर्वांत मोठा वाद झाला तो स्टीव्हन स्ट्रासबर्गवरून. ८ जून २०१० रोजी वॉशिंग्टन नॅशनल्सकडून पहिल्याच सामन्यात त्याने १४ फलंदाज ‘स्ट्राइकआउट’ने, म्हणजे एकट्याच्या फेकीवर, बाद केले आणि सप्टेंबरमध्ये तो शस्त्रक्रियेच्या टेबलावर होता. २०१२ मध्ये संघाने सगळ्यांपेक्षा जास्त, ९८ सामने जिंकले, पण त्याच मोसमात महाव्यवस्थापक माइक रिझो यांनी हाताच्या काळजीपोटी सप्टेंबरमध्येच त्याचा मोसम संपवला. तोवर त्याने १५९ हून थोडे जास्त डाव टाकले होते (बेसबॉलमध्ये तीन फलंदाज बाद झाले की डाव संपतो). स्ट्रासबर्ग नाराज होता. त्याच्याविना खेळलेला संघ सेंट लुइसविरुद्धच्या निर्णायक सामन्यात ६-० आघाडीवरून ९-७ ने हरला. २०१९ मध्ये स्ट्रासबर्गच वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे मेजर लीगच्या अंतिम मालिकेचा, सर्वोत्तम खेळाडू ठरला, तेव्हा रिझो यांचे बरोबर होते असे अनेकांना वाटले. त्यानंतर त्याला सात वर्षांसाठी २४.५ कोटी डॉलरचा करार मिळाला. पण शरीराने साथ सोडली आणि त्या करारात तो जेमतेम आठ सामने खेळू शकला.

दोष कोणाचा, यावर एकमत नाही. २०२३ मध्ये दोन चेंडूंमधल्या वेळेवर घड्याळ लागले. त्याने हातांना विश्रांती मिळत नाही, असे खेळाडूंच्या संघटनेने एप्रिल २०२४ मध्ये जाहीरपणे म्हटले. लीगने ते फेटाळले. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये लीगच्या स्वतःच्या अहवालाने बोट दाखवले ते वेगाच्या हव्यासाकडे आणि प्रत्येक चेंडू जीव तोडून फेकण्याच्या सवयीकडे.

पिचर आर. ए. डिकीच्या कोपरात तर हा अस्थिबंधच नव्हता. टेक्सास रेंजर्सने १९९६ मध्ये त्याला ८,१०,००० डॉलर देऊ केले होते. तपासणीत ही गोष्ट कळताच ७५,००० वर आणले. बऱ्याच वर्षांच्या धडपडीनंतर तो नकलबॉल शिकला : बोटांच्या टोकांनी धरलेला, जवळजवळ न फिरणारा, संथ चेंडू. २०१२ मध्ये मेजर लीगच्या दोन गटांपैकी एक असलेल्या नॅशनल लीगच्या सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार त्याला मिळाला.