ॲटकिन्सन चक्र इंजिन

इंजिनाच्या सिलिंडरमध्ये इंधन-हवेचे मिश्रण जितके दाबले जाते, त्यापेक्षा जळालेल्या वायूला जास्त पसरू देणारी आणि त्यामुळे तेवढ्याच पेट्रोलमधून अधिक काम मिळवणारी इंजिनरचना. ब्रिटिश अभियंता जेम्स ॲटकिन्सन (१८४६–१९१४) यांनी ती १८८२ मध्ये मांडली. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे मोटारींच्या जगात तिला फारसे कोणी विचारले नाही. डिसेंबर १९९७ मध्ये टोयोटाची प्रियस जपानमध्ये विक्रीला आली आणि हे चक्र खऱ्या अर्थाने रस्त्यावर धावू लागले. आज भारतात ‘स्ट्राँग हायब्रिड’ (पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेल्या) म्हणून विकल्या जाणाऱ्या मारुती ग्रँड विटारा, टोयोटा हायरायडर, इनोव्हा हायक्रॉस आणि होंडा सिटी या गाड्यांच्या बॉनेटखाली हेच चक्र आहे. मोटारीचे अ‍ॅव्हरेज वाढवण्यासाठी गेल्या दीड शतकात अनेक वेगळ्या धाटणीची इंजिने सुचवली गेली. त्यांतली बहुतेक प्रयोगशाळेत किंवा एखाद-दुसऱ्या मॉडेलपाशी थांबली. सामान्य गिऱ्हाइकाच्या दारापर्यंत पोहोचलेल्या रचनांमध्ये ॲटकिन्सन चक्राचा मान पहिला.

दाब कुठे वाया जातो

आपल्या ओळखीचे चार स्ट्रोकचे पेट्रोल इंजिन जर्मनीच्या निकोलाउस ओटो यांनी १८७६ मध्ये यशस्वी केले. पिस्टन खाली येताना मिश्रण आत ओढतो, वर जाताना ते दाबतो, ठिणगी पडल्यावर वायूच्या रेट्याने खाली ढकलला जातो आणि पुन्हा वर येताना धूर बाहेर काढतो. या चारही वेळा पिस्टनची धाव सारखीच असते. म्हणजे मिश्रण दहाव्या हिश्शापर्यंत दाबले गेले असेल, तर जळाल्यावर तो वायूही दहा पटच पसरू शकतो.

इथेच नुकसान होते. काम करणारा स्ट्रोक संपत आला तरी वायू प्रचंड गरम असतो आणि त्याचा दाब बाहेरच्या हवेच्या कितीतरी पट असतो. त्याच्यात पिस्टन ढकलण्याची ताकद शिल्लक असतानाच एक्झॉस्ट व्हॉल्व्ह (धूर बाहेर सोडणारी झडप) उघडतो आणि ती सगळी ताकद नळीवाटे निघून जाते. सायलेन्सर काढलेली मोटरसायकल फटफटते तो आवाज याच न वापरलेल्या दाबाचा असतो. पेट्रोलमधल्या ऊर्जेचा हिशेब ढोबळमानाने असा: एक तृतीयांशाच्या आसपास ऊर्जा चाकांच्या दिशेने जाते, साधारण तेवढीच धुराबरोबर जाते आणि उरलेली रेडिएटर, घर्षण वगैरेंत संपते.

यावरचा सरळ उपाय म्हणजे मिश्रण आणखी दाबणे. आदर्श ओटो चक्राच्या सूत्राप्रमाणे संपीडन गुणोत्तर (मिश्रण किती पट दाबले जाते तो आकडा) १० असताना कार्यक्षमता ६० टक्के निघते, १३ असताना ६४ टक्के. प्रत्यक्ष इंजिनात आकडे बरेच खाली असतात, पण चढाची दिशा हीच. अडचण अशी की पेट्रोलचे मिश्रण फार दाबले तर ते इतके तापते की ठिणगीची ज्योत पोहोचण्याआधीच त्याचा काही भाग आपोआप पेटतो. याला नॉकिंग म्हणतात. चढावर टॉप गिअरमध्ये गाडी ओढताना ऐकू येणारी कडकड ती हीच, आणि ती फार काळ चालली तर पिस्टनच फुटतो. पेट्रोलचा ऑक्टेन अंक (नॉकिंग टाळण्याच्या क्षमतेचे माप) जितका, तितकीच दाबण्याला मुभा.

ॲटकिन्सन यांच्या कल्पनेचे मोल इथे कळते. नॉकिंगची मर्यादा दाबण्यावर आहे, पसरण्यावर नाही. आणि फायदा मुख्यतः मिळतो तो पसरण्यातून. मग दोन्हींची सांगड तोडली तर? मिश्रण नऊ-दहा पटच दाबायचे, पण वायूला तेरा-चौदा पट पसरू द्यायचे. संपूर्ण ॲटकिन्सन चक्र एवढ्यात आले.

ॲटकिन्सन यांचे यंत्र

ओटोच्या पेटंटांमुळे त्या काळी इतरांना चार स्ट्रोकचे इंजिन सरळसरळ बनवता येत नव्हते. ब्रिटनमधले हक्क मँचेस्टरच्या क्रॉसली बंधूंकडे होते. त्यामुळे अनेक अभियंते आडवाटा शोधत होते. ॲटकिन्सन यांनी १८८२ साली काढलेल्या पहिल्या ‘डिफरन्शियल’ इंजिनात एकाच सिलिंडरमध्ये समोरासमोर दोन पिस्टन होते. १८८७ च्या ‘सायकल’ इंजिनात एकच पिस्टन होता; पण तो आणि क्रँकशाफ्ट (पिस्टनच्या वर-खाली हालचालीने फिरणारा दांडा) यांच्यामध्ये दांड्या आणि सांध्यांची अशी जुळणी होती की क्रँकच्या एकाच फेऱ्यात चारही स्ट्रोक पूर्ण व्हावेत आणि प्रत्येकाची लांबी वेगळी असावी. कामाचा स्ट्रोक आत ओढण्याच्या स्ट्रोकपेक्षा पुष्कळ लांब होता. १८८८ मध्ये लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सने घेतलेल्या चाचण्यांत या इंजिनाने गॅस वाचवण्यात चांगलीच छाप पाडली.

तरीही ते मागे पडले. जास्तीचा प्रत्येक सांधा म्हणजे जास्तीचे घर्षण, जास्तीची झीज आणि जास्तीचे वजन. कारखान्यात एका जागी उभ्या असलेल्या संथ इंजिनाला ते परवडले असते. मिनिटाला हजारो फेरे घेणाऱ्या मोटारीच्या इंजिनात त्या दांड्यांचा निभाव लागणे अवघड होते. शिवाय जर्मनीत १८८६ मध्ये ओटोचे पेटंट रद्द ठरले, सोपी रचना सर्वांना खुली झाली आणि तीच जगभर पसरली.

व्हॉल्व्हची युक्ती

आजच्या ‘ॲटकिन्सन’ इंजिनात त्या दांड्यांपैकी एकही नाही. पिस्टन, कनेक्टिंग रॉड, क्रँक सगळे नेहमीसारखेच आणि पिस्टनची धावही चारही वेळा सारखीच. फरक आहे तो इनटेक व्हॉल्व्ह (मिश्रण आत घेणारी झडप) कधी बंद होतो, यात.

एका सिलिंडरकडे जवळून पाहू. पिस्टन खाली आला आणि सिलिंडर मिश्रणाने भरला. आता पिस्टन वर निघाला, पण इनटेक व्हॉल्व्ह उघडाच आहे. त्यामुळे दाब काही वाढत नाही. पिस्टन मिश्रणाचा काही भाग आल्या वाटेने परत इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांना पुरवठा करणाऱ्या नळ्यांत, ढकलतो. तो वाया जात नाही. शेजारच्या ज्या सिलिंडरची ओढण्याची पाळी असते तो त्याला आत घेतो. पिस्टन बराच वर आल्यावर व्हॉल्व्ह बंद होतो आणि खरे दाबणे तिथून सुरू होते. ठिणगी पडल्यावर मात्र पिस्टन तळापर्यंत पूर्ण धाव घेतो. दाबण्यासाठी आखूड धाव, पसरण्यासाठी लांब. म्हणूनच अशा इंजिनाच्या तपशिलात १३ किंवा १४ असे चढे गुणोत्तर छापलेले असते, आणि तरीही ते साध्या पेट्रोलवर नॉकिंगविना चालते: छापलेला आकडा पसरण्याचा असतो, प्रत्यक्ष दाबणे त्याहून कमी असते.

नेहमीच्या इंजिनातही इनटेक व्हॉल्व्ह थोडा उशिराच बंद होतो, कारण वेगाने आत येणारी हवा पिस्टन वळल्यावरही क्षणभर येत राहते. ॲटकिन्सनमध्ये हा उशीर मुद्दाम खूप वाढवलेला असतो, आणि व्हॉल्व्हच्या उघडझापीची वेळ बदलणाऱ्या यंत्रणेमुळे (व्हेरिएबल व्हॉल्व्ह टायमिंग) तो चालत्या गाडीत कमीजास्त करता येतो.

यातून दुसराही एक लाभ होतो, आणि शहरातल्या वापरात तो पहिल्याइतकाच मोलाचा आहे. साध्या पेट्रोल इंजिनात ताकद कमी हवी असली की थ्रॉटल (हवेच्या वाटेवरची झडप) जवळजवळ मिटलेला असतो. पिस्टन त्या बारीक फटीतून हवा ओढतो, मागे निर्वात पोकळी तयार होते आणि तिच्याविरुद्ध झटण्यात पेट्रोल खर्च होते. डिझेल इंजिनाला असा थ्रॉटल लागत नाही, आणि ते कमी पितात त्यामागे हेही एक कारण आहे. ॲटकिन्सन इंजिनात नको असलेले मिश्रण परतच पाठवले जात असल्याने तेवढ्याच ताकदीला थ्रॉटल अधिक उघडा ठेवता येतो आणि ही झटापट कमी होते.

ताकदीची उणीव आणि विजेची मोटर

परत पाठवलेल्या मिश्रणाची किंमत ताकदीत मोजावी लागते. दीड लिटरचा सिलिंडरसंच दीड लिटरइतके मिश्रण कधीच जाळत नाही. पहिल्या प्रियसचे १.५ लिटरचे इंजिन मिनिटाला ४,००० फेऱ्यांना अवघी ५८ अश्वशक्ती देत होते. त्याच कुळातले साधे इंजिन शंभरावर देत असे. हा सगळा फरक केवळ चक्राचा नव्हता. टोयोटाने या इंजिनाचे फेरे मुद्दाम ४,००० वर रोखले होते. वेग कमी म्हणून क्रँकशाफ्ट हलका ठेवता आला, व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा आणि पिस्टन-रिंगांचा ताण कमी करता आला आणि घर्षण घटले.

अशी गाडी सिग्नलला मरतुकडी वाटली असती. प्रियसमध्ये ती उणीव विजेच्या मोटरने भरून काढली. मोटरची ओढ शून्य वेगालाच सर्वाधिक असते, म्हणजे ॲटकिन्सन इंजिन जिथे सर्वांत दुबळे तिथेच मोटर सर्वांत बळकट. गाडी हलवायची, पिकअप द्यायचा, गर्दीत रांगायचे ही कामे मोटरकडे गेली आणि इंजिनाला जिथे सर्वांत कमी पेट्रोल लागते त्याच टापूत चालण्याची सवलत मिळाली. माझ्या मते हायब्रिडचे खरे यश या जोडीत आहे. नुसती बॅटरी आणि मोटर बसवून, मागचे इंजिन होते तसेच ठेवले असते तर निम्मी कमाई हातची गेली असती.

पुढच्या पिढ्यांत धुराचा काही भाग थंड करून पुन्हा आत सोडणे, पाण्याचा पंप विजेवर चालवणे अशा सुधारणा होत गेल्या. २०१५ च्या चौथ्या प्रियसच्या १.८ लिटर इंजिनाची कमाल औष्णिक कार्यक्षमता टोयोटाने ४० टक्के सांगितली, तर त्यानंतरच्या २.५ लिटर हायब्रिड इंजिनाची ४१ टक्के. जानेवारी २०१७ पर्यंत टोयोटाच्या हायब्रिड गाड्यांची जागतिक विक्री १ कोटीवर गेली होती.

मिलर चक्र आणि इतर रचना

अमेरिकेतील राल्फ मिलर यांनी १९५७ च्या पेटंटात हीच कल्पना सुपरचार्जरला जोडली: व्हॉल्व्ह लवकर किंवा उशिरा बंद केल्याने घटलेले मिश्रण बाहेरून दाब देऊन भरून काढायचे. माझदाने १९९३ मध्ये युनोस ८०० या मोटारीत २.३ लिटरचे असे व्ही-६ इंजिन दिले. जहाजांच्या मोठ्या डिझेल इंजिनांत मिलर चक्र आता सर्रास दिसते; तिथे मुख्य हेतू ज्वलनाचे तापमान उतरवून नायट्रोजन ऑक्साइड कमी करण्याचा असतो.

दांड्यांची मूळ कल्पनाही पुरती संपलेली नाही. होंडाने २०११ मध्ये जपानी घरांसाठी वीज आणि गरम पाणी एकत्र देणाऱ्या गॅस संचात ‘एक्सलिंक’ नावाचे खरेखुरे दांड्यांचे ॲटकिन्सन इंजिन वापरले. त्यात संपीडन १२.२ पट आणि प्रसरण १७.६ पट होते. एका जागी बसून एकाच वेगाने चालायचे असल्याने सांध्यांचा जुना त्रास तिथे आड आला नाही. निसानच्या व्हीसी-टर्बो इंजिनातही पिस्टन आणि क्रँक यांच्यामध्ये जोडदांड्या आहेत, पण त्यांचे काम वेगळे: त्या संपीडन गुणोत्तर ८ ते १४ या पट्ट्यात चालता-चालता बदलतात. २०२४ मध्ये भारतात आलेल्या एक्स-ट्रेलमध्ये हे इंजिन आहे. वँकेलचे फिरते इंजिन आटोपशीर खरे, पण त्याची ज्वलनाची जागा लांबट आणि पसरट असल्याने पेट्रोल जास्तच लागते; काटकसरीच्या यादीत त्याचे नाव घेणे चूक ठरेल.

भारतातील वापर

२०२२ हे साल इथे कलाटणीचे ठरले. होंडा सिटी ई:एचईव्ही मे महिन्यात आली. हायरायडर, ग्रँड विटारा आणि हायक्रॉस त्याच वर्षी पुढे आल्या. ग्रँड विटारामुळे तुलना सोपी झाली, कारण ती दोन इंजिनांत मिळू लागली. साधे १.५ लिटरचे चार सिलिंडरचे इंजिन सुमारे १०३ अश्वशक्ती देते आणि मॅन्युअल गिअरसह त्याचे प्रमाणित अ‍ॅव्हरेज लिटरला २१.११ किलोमीटर होते. हायब्रिडमधले १.५ लिटरचे तीन सिलिंडरचे ॲटकिन्सन इंजिन एकटे सुमारे ९२ अश्वशक्ती देते, मोटरसह एकत्रित सुमारे ११६, आणि प्रमाणित अ‍ॅव्हरेज २७.९७. यातली सगळी वाढ इंजिनाच्या खात्यावर मांडता येणार नाही. ब्रेक लावताना परत मिळवलेली वीज आणि सिग्नलला बंद पडणारे इंजिन यांचाही त्यात वाटा आहे.

असे आकडे ज्यांच्या नावाने जाहिरातीत छापले जातात त्यांपैकी एआरएआय ही वाहनांच्या चाचण्या घेणारी संस्था पुण्यात, कोथरूडजवळच्या वेताळ टेकडीवर आहे. चाचणी रोलरवर, ठरावीक वेगक्रमाने होते, म्हणून रस्त्यावरचा आकडा कमीच येतो. मुंबईहून पुण्याकडे बोर घाट चढताना हायब्रिडचे इंजिन एकदम मोठ्याने गर्जू लागते. लांब चढावर बॅटरीची मदत आटत जाते आणि कमी ताकदीच्या इंजिनाला फेरे वाढवूनच वेग राखावा लागतो. तो बिघाड नाही, रचनेचाच गुण आहे. गाडी प्रामुख्याने शहरात चालणार असेल तर या इंजिनाचा लाभ सर्वाधिक. रोजच द्रुतगती मार्गावर एका वेगाने जाणाऱ्याला तो तुलनेने कमी जाणवेल.

पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर नेल्यानंतर या चक्राला भारतात आणखी एक अर्थ आला आहे. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश ऊर्जा असते, त्यामुळे साध्या इंजिनात अ‍ॅव्हरेज घसरते. मात्र त्याचा ऑक्टेन अंक पेट्रोलपेक्षा बराच वरचा आहे. त्याच्यासाठीच बेतलेल्या चढ्या गुणोत्तराच्या इंजिनात घसरणीचा काही भाग भरून काढता येतो. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांच्या हस्ते दाखवण्यात आलेली इथेनॉलवर चालणारी इनोव्हा हायक्रॉस हा त्याच दिशेचा नमुना होता. तिच्यात फ्लेक्स-फ्युएल (पेट्रोल-इथेनॉलच्या वेगवेगळ्या मिश्रणांवर चालणाऱ्या) इंजिनाला हायब्रिड मोटरची जोड दिलेली होती.