काळ्या मातीतली चोरवाट

'भारी काळी जमीन खत धरून ठेवते, नत्र वाहून जातं ते हलक्या मुरमाड रानातून,' हा समज अर्धाच खरा आहे. चिकणमातीच्या कणांवर ऋण प्रभार असतो, म्हणून धन प्रभाराचे अमोनियम आणि पालाश त्यांना चिकटून राहतात. नायट्रेट हे अमोनियमसारखंच नत्राचं एक रूप, पण ते स्वतःच ऋण प्रभाराचं, ते पाण्यामागे जातं. युरियाच्या रेणूवर तर प्रभारच नसतो. जमिनीतलं युरिएज विकर त्याचा अमोनियम करेपर्यंत, म्हणजे दोन-चार दिवस, तोही मोकळाच.

मग पाणी कुठून उतरतं ते पाहायला हवं. काळ्या मातीतली चिकणमाती सुकली की आकसते, रान भेगाळतं. भेगेतून जाणारं पाणी रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं: पाण्याने भरलेली १ मिलिमीटरची एक भेग ०.१ मिलिमीटरच्या हजार भेगांइतकं पाणी नेते. धूळपेरणीला वरून फेकलेला युरिया मृगाच्या पहिल्या दणक्यात भेगांतून मुळांच्या खाली जातो, आणि शेजारचं ढेकूळ आतून कोरडंच राहतं.

गंमत म्हणजे हीच घडण उलटंही काम करते. नायट्रेट ढेकळाच्या पोटात असेल, तर भेगेतून धावणारं पाणी त्याला शिवतही नाही. त्याला विसरणानेच, म्हणजे दाट भागाकडून विरळ भागाकडे आपोआप पसरतच, बाहेर यावं लागतं, आणि विसरणाचा वेळ अंतराच्या वर्गाने वाढतो. दुप्पट जाड ढेकळाला चौपट वेळ. म्हणून तासाभरात कोसळलेल्या ५० मिलिमीटरपेक्षा दोन दिवसांच्या संततधारेतले ५० मिलिमीटर आतलं नत्र जास्त काढतात. वर पडलेल्या खताचा हिशेब नेमका उलटा.

तेव्हा भेगा मिटून वापसा आल्यावरच, म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही बेताची असताना, युरिया द्यावा. उभ्या पिकात आधी कोळपून भेगांची तोंडं बुजवावीत, खत ओळीच्या बाजूला ५ ते ७ सेंटिमीटर खोल मातीआड करावं. ४५ किलोच्या गोणीत नत्र २०.७ किलो, कपाशीला ते दोन-तीन हप्त्यांत विभागून द्यावं. जमिनीची घडण बदलतो म्हणणाऱ्या अर्ध्या लिटरच्या बाटल्यांच्या नादी लागू नये. एकराच्या वरच्या १५ सेंटिमीटरमध्येच सुमारे ८०० टन माती असते!

भेगा नकोत म्हणून ओल्या रानात ट्रॅक्टर घालून माती दाबली, तर झिरपणं कमी होतं खरं. पण पाणी साचतं, हवा कोंडते आणि जिवाणू नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरू लागतात. मग तेच नत्र वायू होऊन वरच्या वाटेने जातं.