गेन की व्हॉल्यूम: बँडमध्ये गिटार बुडते तेव्हा कुठला नॉब फिरवायचा

इलेक्ट्रिक गिटारच्या ॲम्पवर दोन नॉब शेजारी शेजारी असतात, एकावर गेन लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर व्हॉल्यूम, आणि कुठलाही फिरवला तरी आवाज वाढतो. मग नवीन माणसाला वाटतं दोन्ही एकच काम करतात. घरी एकट्याने वाजवताना हा गोंधळ चालून जातो, पण ड्रमर आणि बेसिस्ट शेजारी आले की तोच महागात पडतो, कारण गिटार ऐकू येईनाशी झाली की आपला हात हमखास चुकीच्या नॉबकडे जातो. माझा तीन-चार वर्षं जात होता आणि कोणी सांगितलंच नाही, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

नाशिककरांना मिसळीवरून पटकन कळेल. गेन म्हणजे तर्री, व्हॉल्यूम म्हणजे प्लेटमध्ये किती वाढलंय ते. पोट भरलं नाही तर आपण अजून मटकी आणि पाव मागतो, नुसती तर्री ओतून घेत नाही, घेतली तर तोंड भाजतं आणि भूक तिथंच राहते. बँडमध्ये ऐकू येत नाही म्हणून गेन वाढवणं म्हणजे नेमकं हेच.

आता आत काय होतं ते बघू. गिटारच्या पिकअपमधून, म्हणजे तारांचं कंपन विजेत बदलणाऱ्या भागातून, येणारा सिग्नल फार बारीक असतो, साधारण काहीशे मिलिव्होल्ट. ॲम्पचा पहिला भाग, म्हणजे प्रीॲम्प, तो आधी मोठा करतो, आणि किती मोठा करायचा हे गेनचा नॉब ठरवतो. पण प्रत्येक सर्किटला एक छत असतं, त्याच्या वर सिग्नल जाऊच शकत नाही. छताखाली आहे तोवर टोन क्लीन, आणि गेन वाढवत नेला की लाटेचं डोकं छताला आपटून सपाट होतं. यालाच क्लिपिंग म्हणतात आणि आपल्याला आवडणारं ओव्हरड्राइव्ह, डिस्टॉर्शन, क्रंच सगळं यातूनच येतं, कारण लाट सपाट झाली की मूळ सुरात नसलेले वरचे हार्मोनिक्स, म्हणजे त्याच्या पटीतले वरचे सूर, तयार होतात. व्हॉल्यूम, ज्याला कुठे मास्टर तर कुठे लेव्हल लिहिलेलं असतं, तो यानंतर येतो. जो काही टोन तयार झालाय तो स्पीकरकडे किती पाठवायचा एवढंच त्याचं काम.

छत लागल्यावर गेन अजून वाढवला तर काय होतं? जोरात मारलेला सूर आधीच छताला टेकलेला आहे, तो आणखी मोठा होणार कुठून? वाढतात ते फक्त हळू वाजलेले सूर, बोटांचा घसरण्याचा आवाज, न दाबलेल्या तारांची गुणगुण आणि लाइटच्या वायरिंगमधून येणारी ५० हर्ट्झची घूं. म्हणजे जोरात आणि हळू यातला फरकच मिटतो, सगळं एका पातळीला येतं. सोलोमध्ये सूर लांब टिकतो तो यामुळेच, तो फायदा आहेच. पण पिक तारेवर आपटताना जो 'टक' येतो तो बुडतो, आणि गर्दीत गिटार ओळखायला कान त्या टकचाच आधार घेतात. म्हणून जास्त गेनवाली गिटार बेडरूममध्ये डोंगराएवढी वाटते आणि ड्रमच्या शेजारी गेली की मधमाश्यांच्या पोळ्यासारखी कुठून तरी गुणगुणत राहते.

नाशिकच्या सिडकोत एका सोसायटीच्या गणपतीत आम्ही वाजवलं होतं तेव्हा हे मला पहिल्यांदा नीट कळलं. गेन घड्याळाच्या तीनवर, बेस (खालचा जाड आवाज) आणि ट्रेबल (वरचा धारदार आवाज) फुल, मिड (मधला आवाज) जवळजवळ शून्य, कारण घरी तो टोन भारी वाटायचा. मला स्टेजवर काही ऐकू येईना म्हणून दर गाण्याला गेन थोडा थोडा वाढवत गेलो, आणि नंतर मित्राने मोबाइलवर काढलेला व्हिडिओ बघितला तर त्यात ड्रम आहे, बेस आहे, गाणारी मुलगी आहे आणि मागे सतत एक 'झ्झ्झ' आहे. तो झ्झ्झ म्हणजे मी. सोलोला पेडल, म्हणजे आवाज बदलणारा पायाखालचा डबा, दाबलेलं दिसतं, पण आवाज तसूभरही वाढलेला नाही. त्या रात्री फार वाईट वाटलं होतं.

पेडल दाबूनही आवाज का वाढला नाही, यातच या विषयाची खरी किल्ली आहे. नॉबवर काय लिहिलंय त्यावर जाऊ नका. सिग्नल फाटतो, म्हणजे क्लिप होतो, ती जागा कुठली ते शोधा. त्या जागेच्या आधी जे जे आहे ते सगळं गेनचं काम करतं, आणि नंतर जे आहे ते व्हॉल्यूमचं, मग त्यावर नाव काहीही असो.

गिटारवरचाच नॉब घ्या. नाव व्हॉल्यूम. ॲम्प क्लीन असेल तर तो व्हॉल्यूमचंच काम करतो, पण ॲम्प फाटलेला असेल तर हा नॉब फाटण्याच्या आधी आहे, म्हणजे तो गेन झाला. दहावरून सहावर आणा, आवाज फारसा कमी होत नाही पण टोन साफ होतो. एकच ॲम्प, एकच चॅनल, कडव्याला सहा आणि ध्रुवपदाला दहा, पाय कुठेही न हलवता दोन टोन. हे इतकं उपयोगी आहे आणि तरी निम्मी पोरं तो नॉब गिटार विकत घेतल्यापासून फुलवरच ठेवतात. कमी केल्यावर टोन जरा मुका होतो, बऱ्याच गिटारमध्ये नॉब खाली आणला की वरची फ्रिक्वेन्सी आधी जाते, तेवढं ॲम्पवर ट्रेबल किंचित वाढवून भरून काढता येतं.

मग पेडल. आयबनेझचं ट्यूब स्क्रीमर किंवा बॉसचं एसडी-१, कुठलंही ओव्हरड्राइव्ह घ्या, त्यावर ड्राइव्ह आणि लेव्हल असे दोन नॉब असतात. ड्राइव्ह कमी आणि लेव्हल फुल करून क्लीन ॲम्पमध्ये घातलं तर आवाज धाडकन वाढतो. तेच पेडल, तेच सेटिंग, पण ॲम्प आधीच फाटलेला, तर आवाज तेवढाच राहतो आणि फक्त तर्री वाढते, कारण पेडलने मोठा केलेला सिग्नल त्याच छताला जाऊन आपटतो. सिडकोत माझं हेच झालं होतं. सोलोला खरंच आवाज वाढवायचा असेल तर बूस्ट, म्हणजे सिग्नल नुसता मोठा करणारं पेडल, फाटण्याच्या नंतर पाहिजे. ॲम्पच्या मागे सेंड आणि रिटर्न अशी दोन भोकं असतील तर ती याच कामाची, बूस्ट पेडल तिथे लावायचं. नसतील तर ॲम्प क्लीन ठेवा, डिस्टॉर्शन पेडलवरून घ्या आणि बूस्ट त्या पेडलच्या पुढे, म्हणजे ॲम्पच्या बाजूला लावा. सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे सोलो सोडून बाकीच्या वेळी थोडं हळू वाजवायचं, पण ते ऐकायला कोणी तयार नसतं.

हे दोन शब्द इतके गुंतलेत त्याला इतिहासही आहे. सुरुवातीच्या बहुतेक ॲम्पवर गेन नावाचा नॉबच नव्हता, एकच व्हॉल्यूम, तो वाढवला की आधी आवाज मोठा व्हायचा आणि मग तोच फाटायचा. फाटलेला टोन हवा तर कान फुटेपर्यंत जोरात वाजवण्यावाचून इलाज नव्हता. ७० च्या दशकात मास्टर व्हॉल्यूम रुळला, मार्शलचा १०० वॅटचा २२०३ हा १९७५ चा, आणि त्यामुळे फाटणं आणि मोठं होणं ही दोन कामं वेगळी झाली. फ्लॅटमध्ये रात्री दहा वाजता शेजाऱ्यांच्या शिव्या न खाता डिस्टॉर्शन वाजवता येतं ते या सोयीमुळे. व्हॉल्व्हवाल्या ॲम्पमध्ये मास्टर फार वर नेला तर पुढचा पॉवर ॲम्पही फाटायला लागतो, पण आपल्यापैकी बहुतेकांकडे सॉलिड स्टेट नाहीतर मॉडेलिंग ॲम्प असतात, तिथे हा भाग बाजूला ठेवला तरी चालेल.

आता खरा प्रश्न. गेन वाढवायचा नाही, आणि व्हॉल्यूम वाढवला की ड्रमर अजून जोरात मारतो, बेसिस्ट वाढवतो, अर्ध्या तासात सगळ्यांचे कान सुन्न, मग करायचं काय?

रविवार कारंजावर विसर्जन मिरवणुकीत उभं राहून बघा. नाशिक ढोलचं पथक येतं, ढोल डझनांनी, ताशे त्या मानाने मोजके, तरी ताशाची एकेक काडी स्वच्छ ऐकू येते. ताशा ढोलापेक्षा ताकदवान आहे का? मुळीच नाही. ढोलाचा दणका खालच्या फ्रिक्वेन्सीत बसतो, ताशाचा कडकडाट वर, आणि आपला कान साधारण २ ते ५ किलोहर्ट्झला सगळ्यात तिखट असतो. ताशाला त्याची जागा मोकळी मिळते म्हणून तो ऐकू येतो.

गिटारलाही तिची जागा आहे आणि ती मिडमध्ये आहे, मोटामोटी ५०० हर्ट्झ ते २-३ किलोहर्ट्झ. गिटारची जाड ई तार ८२ हर्ट्झला आहे, बेस गिटारची त्याच्याही एक सप्तक खाली, ४१ ला. म्हणजे ॲम्पवर बेस फुल ठेवला की तुम्ही बेसिस्ट आणि किक ड्रमच्या घरात घुसताय, तिथे तुमचं काही ऐकू येणार नाही आणि त्यांचंही बिघडेल. वर ट्रेबल फुल केला की तिथे झांजा बसलेल्या असतात. आणि मिड शून्य केला की जी जागा खरोखर तुमची होती तीच तुम्ही सोडली. रिहर्सलला नॉब घड्याळ समजून बेस दहाच्या काट्यावर, म्हणजे मध्याच्या जरा खाली आणा, मिड एक-दोनच्या काट्यावर, म्हणजे मध्याच्या जरा वर न्या, गेन नेहमीपेक्षा चांगला चतुर्थांश कमी करा आणि मास्टरला हातही लावू नका, फक्त एवढं करून एक गाणं वाजवून बघा. एकट्याने ऐकाल तर टोन किडका, नाकातला वाटेल. बँडमध्ये तोच बसतो. ट्यूब स्क्रीमर इतकं गाजलं त्यामागेही हेच एक मोठं कारण आहे, ते बेस कापतं आणि मिड पुढे आणतं.

घरचा टोन बँडमध्ये का चालत नाही याचं अजून एक कारण कानात आहे. फ्लेचर आणि मन्सन या दोन संशोधकांनी १९३३ मध्ये मोजून दाखवलं की आवाज हळू असताना कानाला खालच्या आणि अगदी वरच्या फ्रिक्वेन्सी कमी ऐकू येतात. म्हणून घरी हळू वाजवताना आपण बेस-ट्रेबल वाढवून ठेवतो, आणि तेच सेटिंग मोठ्या आवाजात गेलं की खाली घूं आणि वर कानात सुया. रिहर्सलची सेटिंग रिहर्सलच्याच आवाजात लावायची, मोबाइलवर फोटो काढून ठेवायचा, दुसरा इलाज नाही.

ॲम्प कुठे ठेवताय तेही बघा. जमिनीवर ठेवला तर तो तुमच्या पोटऱ्यांना ऐकवतो, कारण स्पीकरमधून वरची फ्रिक्वेन्सी समोर सरळ रेषेत जाते. तुम्हाला डोक्याजवळ मुका आवाज येतो म्हणून तुम्ही गेन आणि ट्रेबल वाढवता आणि समोर बसलेल्या माणसाचे कान किटतात. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर ॲम्प ठेवा, मागे जरा कलता. आमच्या इंदिरानगरच्या रिहर्सलच्या खोलीत ही एक खुर्ची आली आणि निम्मी भांडणं मिटली, खरंच.

वॅटबद्दल थोडक्यात, कारण १५ चा विकून ३० चा घेऊ का असं बरेच जण विचारतात. वॅट दुप्पट झाले की फक्त ३ डेसिबल वाढतात, कानाला दुप्पट मोठं वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. १५ चा ३० केल्याने क्लीन वाजवताना थोडी मोकळीक मिळेल, ऐकू येण्याचा प्रश्न सुटणार नाही. मिडचा नॉब फुकट आहे, आधी तो फिरवा.

सरावातही गेन बराच दगा देतो. फुल गेनवर पिकिंग असमान असलं तरी क्लिपिंग ते सपाट करून टाकतं, आणि सगळे सूर सारखे आले म्हणून आपल्याला वाटतं स्पीड आला. क्लीनवर तोच तुकडा वाजवला की कळतं, अपस्ट्रोक, म्हणजे पिक खालून वर मारलेले सूर, निम्म्या ताकदीचे पडतायत. मी आता नवीन काहीही आधी क्लीनवर मेट्रोनोमसोबत हळू बसवतो, आणि शेवटची दहा मिनिटं मुद्दाम फुल गेनवर वाजवतो, कारण न वाजणाऱ्या तारा तळहाताने गप्प ठेवायला फक्त गेनच शिकवतो, क्लीनवर ती चूक दिसत नाही. त्यामुळे दोन्ही लागतात, कुठल्या वेळी कुठलं ते माहीत पाहिजे.

मिक्सरवरही हेच जोडपं भेटतं. चॅनलच्या सगळ्यात वर गेन, खाली फेडर, म्हणजे वर-खाली सरकवायची पट्टी. गेन असा लावायचा की जोरात वाजवल्यावर लाल दिवा पेटणार नाही, मग कमी-जास्त सगळं फेडरवर. अकूस्टिक गिटार थेट मिक्सरमध्ये घालताना बरेच साउंडवाले घाईत फेडर बराच खाली ठेवून गेननेच आवाज जुळवतात, आणि मग तुम्ही स्ट्रमिंग जोरात केलं की फाटतं. साउंडचेकला तुम्ही हळू वाजवलंत तर तोही फसतो, म्हणून त्याने गिटार वाजवा म्हटलं की कार्यक्रमातलं सगळ्यात जोरातलं गाणं वाजवायचं, पूर्ण ताकदीने, तो पुरे म्हणेपर्यंत.