पडणारा दगड आणि अ‍ॅटवुडची कप्पी

हातातून सोडलेला दगड पहिल्याच सेकंदात जवळजवळ ५ मीटर खाली जातो. नुसत्या डोळ्यांनी हे मोजणार कसं? गॅलिलिओने उताराचा आधार घेतला. लाकडी फळीत खाच, तिला आतून गुळगुळीत चर्मपत्र, त्यावरून घरंगळणारा कांस्याचा गोळा, आणि वेळेसाठी भांड्यातून बारीक धारेने गळणारं पाणी. ते पाणी तोलून त्याने दाखवलं की अंतर काळाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. १६३८ च्या त्याच्या ग्रंथात हे आहे. पण बल आणि वस्तुमानाचा हिशेब अजून बाकी होता.

तो न्यूटनने १६८७ मध्ये मांडला. आपण पाठ करतो ते ‘बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण’ हे रूप मात्र पुढच्या शतकात, ऑयलरसारख्या गणितज्ञांच्या लिखाणातून रुळलं.

नियम हाती आला, तरी तो प्रयोगात दाखवणं अवघड होतं. दुप्पट जड गोळ्याला पृथ्वी दुप्पट जोराने ओढते, आणि त्याला हलवायलाही दुप्पटच जोर लागतो. त्वरण तेवढंच राहतं. न्यूटनने सोनं, चांदी, शिसं, काच, वाळू, मीठ, लाकूड, पाणी आणि गहू सारख्या पेट्यांत घालून, लंबकासारखे झुलवून हे तपासलं होतं. या यादीतला गहू मला फार आवडतो. पण पडण्यात दोन्ही गोष्टी जोडीने वाढत असतील, तर कुणाचा वाटा किती हे कळणार कसं?

ही जोडी सुटी केली केंब्रिजच्या जॉर्ज अ‍ॅटवुडने. त्याचं पुस्तक १७८४ चं. कप्पीवरून दोरा, दोन्ही टोकांना समान वजनं. ती एकमेकांना तोलून धरतात. मग एका बाजूला छोटी पट्टी ठेवायची. ओढते ती एकटी पट्टी, हलतं मात्र सगळं ओझं. कप्पीच्या जडत्वासकट एकूण ६४ भाग आणि त्यात पट्टी १ भाग धरली, तर त्वरण गुरुत्वाच्या चौसष्टाव्या हिश्शावर येतं: १ सेकंदात ३ इंच, २ सेकंदांत १२, ३ सेकंदांत २७. लंबकाच्या ठोक्याकडे कान ठेवून हे सावकाश पाहता येतं. मला तर हा प्रयोग न्यूटनच्या सूत्राइतकाच मोलाचा वाटतो.

शाळेतली ट्रॉली, कप्पी आणि लोंबतं पारडं ही याच घराण्यातली. म्हणूनच बल वाढवताना वजन कपाटातून आणायचं नाही. तसं केलं तर एकूण वस्तुमानही वाढतं. ट्रॉलीवरचंच वजन उचलून पारड्यात ठेवायचं.